देवघराची कडी

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला — तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून बोलायला जमतंय, की आता पोटात मावत नाही म्हणून? कोण जाणे.

आमच्या गोतावळ्यात मी शांत बाई म्हणून ओळखली जाते. इतवारीत यांचं भांड्यांचं दुकान, वर घर, घरात दीर-जाऊ, खाली दिवसभर हातगाड्या आणि पितळेचा खणखणाट — आणि या सगळ्यात मी म्हणे कधी आवाज चढवला नाही, कधी घाबरले नाही. कोणाकडे दुखणं आलं की बाया माझ्याकडे येऊन बसतात. "काकूजवळ बसलं की बरं वाटते," म्हणतात. मी मधूनच उठून देवघरात जाते, आतून कडी लावते, मोबाईलवर भजन लावते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे — आई जपाला बसली, हाक मारायची नाही.

मी जप करत नव्हते.

कसं सांगू? आत गेले की मी फरशीवर गाल टेकून पडायचे. छाती इतकी धडधडायची की फरशीलाही ऐकू जाईल. हाताची बोटं वाकडी व्हायची, आणि एकच गोष्ट खरी वाटायची — मी मरतेय, आत्ता, इथेच. भजन लावायचे ते धाप बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मग ते ओसरायचं. मी तोंड पुसायचे, कपाळाला अंगारा लावायचे आणि बाहेर येऊन कणीक मळायला घ्यायचे. माझी मुलगी रेणू तान्ही होती तेव्हापासून हे चालू आहे. पहिल्यांदा झालं ते खालच्या गल्लीतच, ती कडेवर असताना. शेजारच्या दुकानाचं शटर धरून उभी राहिले. घरी सांगितलं, ऊन लागलं. थंडीचे दिवस होते — तरी कोणी काही विचारलं नाही.

लपवलं, यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. थांबा. मला जे सांगायचंय ते हे नाही.

रेणू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पेपरला निघाली होती. एक सँडल पायात, एक हातात — आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसली. चेहरा पांढराफटक.

"आई, मले काहीतरी होऊन राहिलं. मी मरून राहिली, आई."

मी तिची बोटं पाहिली. वाकडी होत चाललेली. त्या बोटांचा अर्थ माझ्याइतका कोणाला कळणार होता? मी खाली बसून तिच्या कानात एवढंच म्हणायला हवं होतं — मलाही होतं हे, माणूस मरत नाही यानं. बस, एवढंच. पण शेजारी जाऊ उभी होती. तिची नजर माझ्यावर होती. आणि मी — मी काय बोलले ते अजून शब्दन् शब्द आठवतं.

"नाटकं नको करू वं. मले पाय. एवढं घर सांभाळते मी, मले कधी काही झालं का?"

तिने खरंच माझ्याकडे पाहिलं. अंगारा लावलेली, शांत आई. आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती लाज तिच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिली.

ती उशिरा पोचली. पेपर गेला. निकालावर अवलंबून असलेली पुण्याची नोकरीही गेली. पुढे एकदा तिने भीतभीत विचारलं, डॉक्टरला दाखवू का? मी म्हटलं, कोणत्या, वेड्यांच्या? उद्या स्थळं येतील, लोक काय म्हणतील? पण लोकांची भीती नव्हती मला. डॉक्टर तिला समजावून सांगणार, ती घरी येऊन मला सांगणार — आणि सांगता सांगता तिला देवघराची कडी आठवली तर?

मग त्या पोरीने एकटीने जे केलं, ते आठवलं की मी अजूनही थक्क होते. ती दार लावून बसली नाही. जिथे भीती वाटायची तिथेच जाऊन उभी राहायची. सणाच्या गर्दीत, मुद्दाम, त्याच गल्लीत, भिंतीला पाठ टेकून — घामाने निथळत — ते निघून जाईपर्यंत. मी वरच्या खिडकीतून पाहत असे. ज्या भीतीपासून मी आयुष्यभर पळत होते, तिच्यासमोर माझं लेकरू उभं होतं. हे असं करता येतं?

आणि एकदा हळदीकुंकवाला घर बायांनी भरलेलं असताना ती उठली आणि सगळ्यांच्या देखत शेजारी बसलेल्या बाईला, पाणी मागावं इतक्या सहज म्हणाली, "मावशी, मले घाबरल्यासारखं होऊन राहिलं. गॅलरीत बसते थोडी, मग येते." गेली. आणि परत आली! तीळगूळ वाटायला लागली. आभाळ कोसळलं नाही. कोणी हसलं नाही. मी हातात कुंकवाचा करंडा घेऊन तशीच उभी होते. हे वाक्य असं मोठ्याने म्हणता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी नरखेडकडे निघालो होतो, माझ्या बहिणीच्या संत्र्याच्या बागेत. एसटी खच्चून भरलेली. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली ती हलेचना, आणि मला ते आलं. चारी बाजूंनी माणसं. लावायला कडी नाही, लपायला भजन नाही.

रेणूने माझे हात पाहिले. मला काय होतंय ते एका क्षणात तिला कळलं. तिने माझं मनगट धरलं.

"आई, माह्याकडे पाय. मले माहीत आहे हे. येते अन् जाते. श्वास घेऊ नको, सोड. हळूहळू सोड." मग मान वर करून लोकांना म्हणाली, "आईले घाबरल्यासारखं होऊन राहिलं, खिडकीजवळची जागा द्या जरा." एक माणूस लगेच उठला.

आणि ते गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाचा तरी हात हातात असताना गेलं. बाहेर बागा, ऊन, फाटक उघडल्यावर निघालेली मोटरसायकलींची रांग — सगळं मला धुतल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. मी लेकीकडे बघत राहिले. जिला मी त्या पायरीवर एकटं सोडलं, तिला हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. आपलं आपण शोधून काढलं तिने — आणि पहिल्याच हाकेला मला देऊन टाकलं.

"पहिल्यांदाच झालं न, आई? पहिल्यांदा लय भेव वाटते."

मी हो म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. "माही काळजी करून करून झालं तुले. माह्याच्यानं झालं."

आणि मी तिला तसं समजू दिलं. बागेत पोचेपर्यंत. जेवताना. परत येताना. अजूनही.

आता ती कमावते. परवा तिने स्वतःच एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. यांना सांगितलं, जावेला सांगितलं — लपवलं काहीच नाही — आणि मला सोबत नेलं. बाईंनी पुष्कळ विचारलं, तिने न अडखळता सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का?

"नाही," रेणू म्हणाली. "आईले एकदा झालं होतं, बसमध्ये. पण ते माह्या काळजीनं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "एकदाच?"

मी मान डोलावली. आणि मला धीर द्यायला म्हणून रेणूने टेबलाखाली माझा हात दाबला.