तीन बोटांचा सौदा

माझ्या चुलत सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू, जनावर किंवा माणूस जुंपून बघितल्याशिवाय पदरात घेतलं नाही. त्यात मीही आले. मला बघायला मंडळी आली तेव्हा बाकीचे रीतीप्रमाणं नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारत होते आणि काका आपले कोपऱ्यात गप्प. मग त्यांनी पिशवीतून उसाचं एक कांडकं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, खा. मीही तेव्हा नुकतीच बी.एड. होऊन मास्तरीण व्हायच्या ताठ्यात होते. भर बैठकीत ते कांडकं दातांनी सोललं, चघळलं आणि चोयट्या ताटलीत ठेवल्या. काकांनी मान डोलावली आणि लग्न ठरलं. माझी डिग्री कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही, याचा राग माझ्या आईला अजून आहे.

काकांची ही सवय बैलांपायी लागलेली. सास्तूरच्या आसपासच्या गावांत बैलाची पारख म्हटली की आधी त्यांचं नाव निघायचं. दात, खूर, वशिंड, अंगावरचे भोवरे, सगळं बघून झालं तरी बैल स्वतःच्या रानात दोन तास चालवल्याशिवाय ते हो म्हणायचे नाहीत. तोच न्याय त्यांनी साऱ्या जगाला लावला. चप्पल घ्यायची तर पायात घालून ते हॉटेलात जाऊन चहा पिऊन परत यायचे, तोवर दुकानदार त्यांची जुनी चप्पल तारण ठेवून बसायचा. मोबाइल घेतला तो विहिरीत उतरून, तळाशी बोलणं ऐकू येतं का हे बघून. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावाला नवी घरं मिळाली, सगळी एका साच्यातली. तरी काकांनी म्हणे चाळीस घरांच्या भिंती ठोकून बघितल्या आणि शेवटी मिळालं ते चिठ्ठीत निघालेलंच. बाजाराचाही त्यांचा एक नियम होता. तीन बाजार फिरल्याशिवाय खरेदी नाही. पहिल्या बाजारात माणूस भुलतो, दुसऱ्यात शहाणा होतो आणि तिसऱ्यात घेतो, असं ते सांगायचे.

एवढं करून मग ते एकच वाक्य बोलायचे, "गरीब हाय." आमच्याकडं गरीब बैल म्हणजे शांत, शिंग न उगारणारा. काकांनी गरीब म्हटलं की त्या बैलापुढं लेकरू सोडावं, असा लौकिक होता. अणदूरपासून उमरग्यापर्यंतचे शेतकरी त्यांना बाजाराला घेऊन जायला गाडी घेऊन दारात उभे राहायचे.

आणि नेमका त्यांच्याच दावणीचा बैल मला लागला. लग्नानंतरचा दुसरा पोळा होता. पाखऱ्या नावाचा पांढराशुभ्र बैल, शिंगांना बेगड, टोकांवर पितळी शेंब्या. मी ताट घेऊन जरा बिचकले, तेव्हा काका म्हणाले, ये पुढं, गरीब हाय. मी ओवाळलं, पुरणपोळी पुढं केली आणि तेवढ्यात कुणीतरी कानाशी हलगी बडवली. पाखऱ्यानं मान झटकली. शेंबीची कड माझ्या डाव्या गालात घुसली ती कानशिलापर्यंत गेली. बैलाचा काही दोष नव्हता, हलगीनं तर मीही दचकले होते. पण काकांनी दुसऱ्या दिवशी पाखऱ्या अणदूरच्या पाहुण्यांकडं पाठवून दिला आणि त्यानंतर ते बाजाराला गेलेच नाहीत. गाडी घेऊन आलेल्यांना सांगायचे, माझं डोळं गेलं. डोळे तेव्हा घारीसारखे होते.

मला त्या व्रणाची हळूहळू सवय झाली. लग्नाकार्यात बायका चुकचुकायच्या तेवढं जड जायचं. शाळेत पहिलीच्या पोरांनी विचारलं, बाई, तुम्हाला वाघानं ओरबाडलं का, तर मी सरळ हो म्हणून टाकलं. वर्गात वर्षभर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. काका मात्र माझ्याशी बोलताना माझ्या गालाकडं न बघता पायाकडं बघायचे. सहा वर्षं बघत होते. सासरा सुनेच्या पायाकडं बघतो, ही लोकांना मर्यादा वाटायची. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं.

मग एकदा ते उमरग्याला खत आणायला गेले. हायवेवर दुकानासमोर दवाखान्याची पाटी होती, व्रण आणि सुरकुत्यांवर लेसर. घरी आले आणि माझ्या पायांना उद्देशून म्हणाले, शाळेला सुट्टी टाक. मी काय काय सांगितलं, राहू द्या, उगाच कशाला, वय का आहे आता. ऐकतील तर ते काका कसले. तीन बाजार फिरायचे ठरले.

पहिला बाजार सोलापूर. तिथले डॉक्टर म्हणाले, जोरदार लेसर आहे, वरची कातडी पूर्ण काढतो, खालून नवी येते, सुरकुत्यासुद्धा साफ होतात. दोनेक आठवडे घरात बसावं लागेल आणि आपल्या सावळ्या कातडीवर कधी कधी काळे डाग राहतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, ही ट्रॅक्टरची नांगरट हाय, हलक्या रानाला चालत न्हाय. दुसरा बाजार लातूर. तिथला लेसर कातडीला जखमच करत नव्हता, नुसती आतून ऊब देत होता. त्रास काही नाही, पण बैठका पुष्कळ आणि खोल व्रणाला गुण थोडाच. काका म्हणाले, हा गडी बांधावरनं चक्कर मारून घरी येतो, रानात उतरतच न्हाय.

तिसरा बाजार उमरग्याचा तोच पाटीवाला दवाखाना. डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्यापेक्षाही लहान. त्यांनी कागदावर ठिपके काढून दाखवले. हा लेसर सगळी कातडी काढत नाही, बारीक बारीक भोकं पाडतो आणि मधली कातडी तशीच शाबूत ठेवतो, त्या शाबूत कातडीच्या जोरावर जखम लवकर भरते. काकांचा चेहरा एकदम उजळला. ते खुर्चीतून पुढं सरकून म्हणाले, "म्हंजे ही तिफणीची पेरणी हाय. दोन ओळींत जागा सोडून."

डॉक्टरबाईंना इतकं नेमकं कुणी सांगितलं नसावं. त्या व्हय म्हणाल्या. माझी आता सुटका झाली असं वाटलं, पण काका उठून टोपी काढून त्या टेबलावर जाऊन झोपले. आधी म्या, म्हणाले. डॉक्टरबाईंनी समजावलं, मी समजावलं, नर्स हसायला लागली. जुंपून बघितल्याबिगर म्या हिच्या तोंडाला हात लावू द्यायचा न्हाय, हे त्यांचं एकच पालुपद. शेवटी सगळे कागद वाचून दाखवून, सही घेऊन डॉक्टरबाईंनी त्यांच्या डाव्या डोळ्याशेजारच्या सुरकुत्यांवर रुपयाएवढ्या जागेत लेसर फिरवला. महिनाभर काका आरशात बघत होते. पुढं गावातले लोक ओसरीवर येऊन त्यांचा डोळा बघून जायचे आणि सांगायचे, डावीकडून बघितलं तर पन्नाशीचे वाटता, उजवीकडून सत्तरीचे. काकू म्हणायच्या, मग एवढी वर्षं मी चुकीच्या बाजूला बसले.

खरी मजा महिन्यानं परत गेलो तेव्हा झाली. डॉक्टरबाईंनी माझा गाल तपासला आणि चार बैठका लागतील असं सांगितलं. काकांनी खांद्यावरची दस्ती काढली, डॉक्टरबाईंच्या हातावर पसरली आणि त्याखाली हात घातला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो, फडक्याखाली बोटं दाबून, चारचौघांना आकडा न कळता. डॉक्टरबाईंना वाटलं, आजोबांना चक्कर येते आहे. त्या नाडी बघायला लागल्या. मी शरमेनं अर्धी होऊन त्यांना सांगितलं, अहो, ते तुमची दोन बोटं दाबताहेत, दोन बैठकांत करा म्हणताहेत. बाईंनी नाडी सोडली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गंभीर चेहऱ्यानं दस्तीखाली काकांची तीन बोटं धरली. "जमलं," काका म्हणाले आणि दस्ती झटकून खांद्यावर टाकली. औषधपाण्यात घासाघीस नसते, बैठक कमी केली तर गुणही कमी येतो, हे त्यांना कुणी सांगावं? बाईंनी मला निघताना हळूच सांगितलं, तीन करू, मग राहिलेलं बघू.

तीन बैठका झाल्या. प्रत्येक वेळी गाल चार-पाच दिवस लाल, खरखरीत, वर मलम, आणि महिनोन् महिने उन्हाला बंदी. धाराशिव जिल्ह्यात उन्हाला बंदी म्हणजे काय ते इथंच राहून कळतं. पण काकांनी पाखऱ्याची पेटीत ठेवलेली झूल काढली, आरसे लावलेली, लाल, आणि अंगणात मी भांडी घासते तिथं सावलीला बांधली. शाळेपर्यंत छत्री धरून माझ्या मागं मागं यायचे. पोरं म्हणायची, बाईंचा बॉडीगार्ड आला. व्रण मात्र खरंच मावळला. कानशिलाजवळ केसासारखी एक रेघ उरली, ती उजेडात बघितली तरच दिसते. डॉक्टरबाई म्हणाल्या, चौथी बैठक करू. मी नको म्हटलं. सौदा तीनचा होता, चौथी केली म्हणजे काकांचा सौदा खोटा पडला.

तोवर काकांचे डोळे खरंच गेले होते, दोन्हींत मोतीबिंदू. एका संध्याकाळी ओसरीवर मी लसूण सोलत होते. त्यांनी विचारलं, किती वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं मान वर करून विचारलं, "सूनबाई, काय राहिलंय का गं तितं?"

"काही नाही, काका," मी म्हटलं. "सगळं गेलं."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "जुंपून बघितल्याबिगर म्या जलमात कुणाचं ऐकलं न्हाय. तुझं ऐकतो."

दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या गावचा एक शेतकरी त्यांना बाजाराला घेऊन गेला. काकांनी म्हणे बैलाच्या अंगावरून नुसते हात फिरवले, कान धरले, श्वास ऐकला आणि किती वर्षांनी बोलले, गरीब हाय. घरी आले तेव्हा ताठ चालत होते. काकूंनी दृष्ट काढली.

आता पुढच्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. अर्थातच तीन दवाखाने बघून आणि आधी एकाच डोळ्याचं, जमलं तर दुसरा. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, मुंगीसुद्धा दिसेल. घरात सगळे खूश आहेत आणि माझी झोप उडाली आहे. पट्टी सुटली की ते पहिल्यांदा कुठं बघणार हे मला ठाऊक आहे. ती रेघ दिसली तर माझा शब्दही गेला आणि त्यांचा बाजारही गेला.

म्हणून काल मी एकटीच उमरग्याला गेले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुष्कळ फिकी होईल, पण लाली उतरायला दिवस लागतात आणि पूर्ण जाईल असा शब्द मी देणार नाही. जेवढी जाईल तेवढी, मी म्हटलं. बाईंनी टेबलावरचा टॉवेल उचलला, माझ्या हातावर पसरला आणि त्याखाली माझं एकच बोट धरलं.

घरी मी शाळेची मीटिंग होती असं सांगितलंय.