सखूच्या नावावरचं पुस्तक

आत्माराम मास्तर आणि महिपतराव यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं तेव्हा सखू वाचनालयाच्या ओटीवर केरसुणी घेऊन उभी होती. आली होती झाडायला, पण आतून असे आवाज येत होते की हात चालेनात. मास्तरांचं म्हणणं, बायकांना बसून वाचायला एक बाक द्या. महिपतराव वाचनालयाचे चिटणीस, त्यांना ते कुठलं पटायला!

"बाक देताय? मग दुपारचं जेवण कोण रांधेल, तुम्ही?"

"बायका इथे आलेल्या चालत नाहीत ना तुम्हाला? मग पुस्तकं जातील त्यांच्या घरी! ती बाहेर कान देऊन उभी आहे ना, तीच नेईल."

कान देऊन उभी असल्याची अशी बक्षिसी कुणाला मिळाली नसेल. सखूला काम लागलं. मास्तरांनी तिला भिंतीवरच्या पाटीसमोर नेऊन नियम वाचून दाखवले. शेवटचा होता, संस्थेच्या सेवकास एक पुस्तक विनामूल्य मिळेल. "म्हणजे तुलाही हो," मास्तर म्हणाले. सखू तोंडाला पदर लावून हसली. तिला अक्षर येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे, तेही बाजारामुळे.

त्या आकड्यांवर तिने वीस वर्षं काढली. नवरा मुंबईला, वर्षातून एकदा शिमग्याला यायचा. बाकी वर्ष सखूचं. दर गुरुवारी खांद्याला पिशवी आणि झाडगाव, खालची आळी, मांडवी. नवं पुस्तक द्यायचं, जुनं घ्यायचं, तांब्याभर पाणी प्यायचं की पुढचं घर. पुस्तक बरं की वाईट हे तिला न वाचता कळायचं. पानांवर हळदीची बोटं, फोडणीचे डाग पडून आलं म्हणजे बरं. कोरं करकरीत आलं, तर बाईने उघडलंसुद्धा नाही.

चौऱ्याऐंशी साली खालच्या आळीतल्या भिकाजी सुताराच्या घरी एक पुस्तक पोचलं. त्याची मैना नववीत. ती म्हणाली, "सखूमावशी, बस गो जरा पायरीवर, गंमत वाचून दाखवते."

सखू बसली ती बसलीच. गोष्ट लांबच्या कुठल्या ताऱ्यावरची. तिथे वारा नाही. हवा राजाच्या यंत्रातून यायची आणि माणशी मोजून मिळायची. ती यंत्रं चालायची बायकांच्या तळहाताच्या उबेने, आणि हे बायकांनाच माहीत नाही! एका पोरीला ते कळतं, तर राजा तिला काचेच्या कोठडीत घालतो आणि हवा बंद करतो. तिथे पहिला भाग संपला.

"संपला म्हणजे? ती पोर जगली की मेली?"

"दुसरा भाग यायचाय."

"म्हंजे तवर ती तशीच आत?"

मैना हसली, पण सखूच्या डोक्यातून ती पोर जाईना. तांदूळ निवडताना मध्येच स्वतःचा तळहात बघत बसायची. सासूने विचारलं, कुणाची काळजी करतेस? आता ताऱ्यावरच्या पोरीची म्हणून सांगायची सोय होती का?

पावसाळा सरला आणि दुसरा भाग आला. महिपतरावांनी तो आधी स्वतः वाचला. दुसऱ्या दिवशी तोंड आंबट. "यात पोरी बंड करतात, राजाला हाकलून लावतात. हे घराघरांत जायचं नाही. सखू, पार्सल बांध. दुकानदाराला परत जाईल."

पार्सल बांधायचं सखूने आणि टपालात टाकायचंही सखूनेच. तिने सुतळी घेतली, खाकी कागद घेतला. मग शाईची डबी उघडली आणि पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारला. एक मधल्या पानावर, एक शेवटी. दोन उलटे पडले.

महिपतराव किंचाळलेच. "अगो, हे काय केलंस? शिक्का पडलेलं पुस्तक कोण परत घेईल आता?"

"नवा बुक आला की शिक्का मारायचा, तुमीच सांगितलंत नाय का?"

"मग राहू दे कपाटात. कुलपात!"

"कशाला? माज्या नावावर द्या की. पाटीवर लिवलंय तसं."

"तुझ्या? तुला वाचता येतं?"

"वाचता आलंच पायजे, असं हाय काय पाटीवर?"

महिपतराव चष्मा सावरत पाटीपर्यंत गेले. नियम दोनदा वाचला. तसं काही लिहिलेलं नव्हतं. माणूस हट्टी खरा, पण नियमाबाहेर जाणारा नव्हे. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. सहीच्या जागी सखूने पुस्तकाचा नंबर काढला. तेवढंच तिला येत होतं.

मैनाने चार गुरुवार वाचलं. पहिल्याच गुरुवारी पोर कोठडीतून सुटली. तिकडच्या सगळ्या बायकांनी एका वेळी यंत्रावरचे हात काढले, तेव्हा राजालाच धाप लागली! सखूने सोडलेला श्वास आतल्या भिकाजीला ऐकू गेला. चौथ्या गुरुवारी सुताराच्या पायरीवर अकरा बायका होत्या. राज्य बायकांचं झालं. सखू म्हणाली, "झालं ते ब्येस झालं. पण आता भांडी कोण घासतंय, ते लिवायला इसरला मेला."

पुढे ते पुस्तक सखूच्या नावावरच राहून कुणाच्या ना कुणाच्या मागणीवर फिरतच राहिलं. महिपतरावांच्या बायकोनेही निरोप धाडला, यांना न सांगता आणून दे. सखूने भाजीच्या टोपलीतून नेलं.

सखूचा शेवटचा गुरुवार अठ्ठ्याऐंशीतल्या माघातला. अंगात कसकस होती, तरी ती निघाली. झाडगाव झालं, खालची आळी झाली. मांडवीला येसूबाईच्या दारात पोचेतो ऊन कललेलं. येसूबाई ओटीवर मासळी साफ करत होती. हात न धुताच म्हणाली, "सखू, तां पुस्तक वाचून व्हायचंय गो अजून. मुदत सरली ना?"

"कुठवर आलीस?"

"राजा गादीवरच हाय."

"मग ऱ्हवू दे. फुडल्या गुरुवारी दे," सखू म्हणाली. तिने पाणी मागितलं, तांब्याची धार वरून तोंडात धरली, पिशवी खांद्याला अडकवली आणि घरच्या वाटेला लागली.