डोळं मिटलं आणि गुडघा डगमगला

बायांनो, आज जीव भांड्यात पडला.

भात लावताना खाचरात माझा गुडघा मुरगळला व्हता. सूज गेली, पण गुडघा मधीच निसटायचा. परवा माझ्या दोन वर्षांच्या परीला कडेवर घेऊन उंबऱ्यात पडले. तवापासनं तिला उचलायलाच भ्याव वाटतं.

आज मंचरला डॉक्टरांनी एका पायावर उभं केलं. "आता डोळे मिटा, ताई." मिटले आणि लगेच कलंडले.

"ऑपरेशन नको," ते म्हणाले. "लिगामेंटमधल्या बारीक नसा पाय कुठे, कसा वाकलाय ते डोळे मिटले तरी मेंदूला कळवतात. त्यांना मार लागलाय. रोज तोल धरायचा व्यायाम करा. तोल सावरेपर्यंत पोरीला बसूनच घ्या."

घरी भिंत धरून एका पायावर उभी राहिले, तर सासूबाई म्हणल्या, "बगळा झालीस का गं?"

मग खाली बसून परीला मांडीवर घेतलं. आता उतरायलाच तयार नाय.

तुमच्यात कुणी हा व्यायाम केलाय का? लेकराला कडेवर कधी घेता आलं?