कानशीची खूण

“आपल्यात राहू द्या हं.”

हे म्हणण्याआधी ते एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघत, एकदा उजव्या. मागे कुणी नसे. असलीच तर एखादी शेळी. मग माझ्या कानाशी येऊन सांगत, “आज बाजारात सुरण बरा आलाय.”

सुरणाची बातमी अशी जपणारा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्या पनवेलीत हे होते. त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं. मी तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल होतो. ते रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येत, पण वर्गणीदार होत नसत, कारण मग नाव कुठेतरी लिहावं लागतं.

भिण्याला त्यांना कारण लागत नसे. आळीत कुणाचीही तार येवो, पाणी आधी हे पीत. तळ्याजवळ पोलिसाची सायकल दिसली की हे वळसा घालून, चिखल तुडवत घरी येत. मी त्यांना चिडवायचो, “चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.” ते हसत, पण हसताना त्यांचा चेहरा पडायचा. मला ती गंमत वाटायची.

कामाला ते आमच्या आळीतल्या वैद्यबुवांकडे होते. पुढे दवाखाना, मागे एक छप्पर. छपरात भट्टी, ऐरण, खल आणि गोवऱ्यांची रास. तिथे औषधी भस्मं होत. मिठागरांच्या बाजूच्या गावांतून हिवतापाने पोट पुढे आलेली माणसं यायची, त्यांना बुवा ताम्रभस्म देत. आलेलं तांबं तोलायचं, भट्टीकडे द्यायचं आणि शेवटी पुड्या बांधायच्या, हे यांचं काम. हात इतका हलका की पुडी बांधताना कागद वाजत नसे.

एकदा दुपारी ते मला घरी घेऊन गेले. दार लावलं, खिडकी लावली, भर उन्हाळ्यात. मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक गाठोडं बाहेर काढलं. धोतराच्या फडक्यात तांब्याची नाणी होती. जाडजूड, वेडीवाकडी, जुन्या शिवराया.

“आपल्यात राहू द्या हं,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला हसू आलं नाही, कारण त्यांच्या कपाळावर घाम होता.

भानगड अशी होती. बुवांच्या वडिलांचा दंडक होता की ताम्रभस्म करायचं ते शिवराईच्या तांब्याचंच. ते तांबं चोख. नवे पैसे सुरू झाले तेव्हा लोकांनी गाडग्या-मडक्यांतली जुनी नाणी बाहेर काढली आणि मोडीच्या भावाने विकली. बुवा ती घेत. प्रत्येक नाण्याच्या कडेला कानशीने एक तिरकी खाच पाडून आतला रंग बघत. लाल निघालं की नाणं थैलीत. थैली यांच्याकडे तोलायला. तिथून ती भट्टीवरच्या गड्याकडे जायची. तो एकेक नाणं ऐरणीवर ठेवून हातोड्याने कागदासारखं पातळ करायचा, मग ते पत्रे लाल तापवून तेलात, ताकात, गोमूत्रात विझवायचे.

“तीनशे वर्षांचं नाणं हो,” ते म्हणाले. “कुणा-कुणाच्या मुठीतून आलेलं. आणि दोन घावांत कोरं. मला तो आवाजच ऐकवत नाही. मी त्या वेळी विहिरीवर जाऊन उभा राहतो.”

म्हणून तोलताना, अक्षरं चांगली उठलेली नाणी ते हळूच बाजूला काढत आणि तेवढ्याच वजनाचे तांब्याचे तुकडे थैलीत टाकत. ते तुकडे घरच्या भांड्यांचे. ऐरणीवरच्या गड्याला हे कळायचं राहिलं नव्हतं. पण तो म्हणायचा, “माना काय त्याचा, तांबा तो तांबा.”

त्यांच्या घरच्या वहिनींचं मात्र निराळं. त्या माझ्या बायकोला सांगायच्या, “आमच्याकडे चोर येतो हो, पण मोठा निवडक. पितळेला शिवत नाही. आधी घंगाळ गेलं, परवा बंब गेला.” हे सांगताना त्या नवऱ्याकडे बघत. ते जमिनीकडे बघत.

आणि एवढं सगळं करून तो माणूस सुखी होता का? छे. रात्रंदिवस दोन भुतं त्यांच्या मानगुटीवर बसलेली. बुवांना कळलं तर नोकरी जाईल, नाव जाईल, हे एक. दुसरं त्याहून वाईट. आपल्या बंबाच्या तांब्याने कुणाच्या पोटात काही झालं तर? मिठागरावरचा एखादा माणूस दगावल्याची बातमी आली की हे तीन-तीनदा विचारत, “कशाने गेला? औषध चालू होतं का त्याचं?” मग जेवत नसत.

त्यातच मुंबईच्या नाणी जमवणाऱ्या मंडळींनी आमच्या वाचनालयाच्या दिवाणखान्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. गावात कुणाकडे काही असेल तर मांडायला द्या, असं त्यांनी कळवलं. मी यांना विचारलं. त्यांनी “नाव काढू नका” म्हणून हात जोडले, आणि पुढे कित्येक दिवस वर्तमानपत्र वाचायलाही आले नाहीत.

मग एके सकाळी आले. गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं.

“मांडा. वाचनालयाची म्हणून मांडा. माझं नाव नको.”

“मग एवढा धोका घेता कशाला?” मी विचारलं.

“एकदा कुणीतरी जाणत्याने बघावीत हो,” ते म्हणाले. “मी ती दार लावून बघतो. एकटाच बघतो. कधीकधी वाटतं, यात काही नाहीच, मला वेड लागलंय.” पुढे म्हणाले, “मी तिकडे फिरकणार नाही.”

प्रदर्शनाच्या दिवशी मी कुलूप उघडायला गेलो तर पायरीवर हेच बसलेले, धुतलेलं धोतर नेसून.

प्रदर्शनाला गाव लोटलं. नाणी बघायला नव्हे, दर्शनाला. बायकांनी रुपयांच्या पेटीपुढे फुलं ठेवली. कुणीतरी मोहरेच्या काचेवर हळदकुंकू वाहिलं, आणि मुंबईचे पाहुणे रुमालाने काच पुसून हैराण झाले. शिवरायांच्या टेबलाशी एक आगरी म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “ये तं आमचे पोराचे करगोट्याला पन हाय,” ती म्हणाली. “यात बगायचा काय?”

हे माझ्या मागे, खांबाला टेकून, आपल्याच नाण्यांकडे परक्यासारखे बघत होते. पाहुण्यांतले एक चष्मेवाले गृहस्थ भिंग घेऊन आले आणि खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग एक नाणं उचलून मला म्हणाले, “कडेची ठिपक्यांची माळ पूर्ण उठलीय. अशी शिवराई फार क्वचित बघायला मिळते. कुणी जमवली ही?”

मी मागे पाहिलं. ते हसत होते. अगदी लहान मुलासारखे, ओठ दाबून. त्यांना मी असं हसताना पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

पण भिंग पुढे सरकलं. “आणि हे काय? सगळ्यांच्या कडेला कानस लावलीय. ताजी. एकाच हाताची. खून केलाय हो नाण्यांचा.”

हे वाक्य मोठ्याने बोललं गेलं. आणि नेमके त्याच वेळी, वाचनालयाच्या अध्यक्षांबरोबर टेबलं बघत बघत, वैद्यबुवा तिथे येऊन पोचले.

माझ्या दंडात बोटं रुतली. खांबाजवळून ते कधी पुढे आले मला कळलंच नाही. बुवा वाकले. एक नाणं उचलून त्यांनी कड उजेडात धरली. स्वतःच्या हाताची खाच कोण ओळखणार नाही? त्यांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग मान वर करून थेट यांच्याकडे पाहिलं. चारचौघांत काही बोलले नाहीत. फक्त मला म्हणाले, “तुमच्या आतल्या खोलीत जरा बसता येईल का? आम्हा दोघांना. तुम्हीही या.”

आतल्या खोलीत जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. बुवा गठ्ठ्यावर बसले. हे उभेच.

“किती दिवस चाललंय?”

“नवे पैसे आले तेव्हापासून, बुवा.”

“यांच्या जागी काय गेलं?”

“तांबंच. घरचं. घंगाळ, मग बंब.”

“कल्हईचं भांडं?”

“नाही. शपथ घेतो. कल्हईच्या भांड्याला हात लावला नाही.”

मला वाटलं, आता बुवा गरजणार. पण बुवांनी उपरण्याने मान पुसली आणि मी पाहिलं, तेही घाबरले होते. वडिलांपासूनचं नाव होतं त्यांचं. “अहो, ते भस्म मी माझ्या सुनेला दिलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “हिवतापाने पाणथरी वाढून पोट पुढे आलं होतं तिचं.”

“ठाऊक आहे, बुवा.” हे म्हणाले. “प्रत्येक वेळी दह्यावर टाकून पाहिलं. कच्चं असतं तर दही हिरवं झालं असतं. कधी झालं नाही. आणि पहिली पुडी मी घ्यायचो.”

“तुम्ही?”

“घ्यायचो आणि दोन दिवस वाट बघायचो. मगच बाकीच्या पुड्या बांधायचो.”

बुवा त्यांच्याकडे बघतच राहिले. “कधी मळमळलं?”

“मळमळायचं की. पण ते औषधानं की भीतीनं, ते कधी कळलं नाही.”

बाहेर कुणीतरी मोठ्याने मोहरेवरचं फारसी वाचून दाखवत होतं. थोड्या वेळाने बुवा उठले आणि शिवरायांच्या टेबलाशी जाऊन एकटेच उभे राहिले. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, “एवढी वर्षं कानस चालवली. यांच्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला बुवांकडे बरोबर चला म्हणाले. वहिनी दारात उभ्या होत्या, डोळे सुजलेले. कोर्टात जायला निघाल्यासारखे आम्ही निघालो. वाटेत ते एवढंच बोलले, “हाकललं तर पोरांना घेऊन कुठे जाऊ?”

बुवांनी हाकललं नाही. बुवा मनाने चांगला माणूस होता. त्यांनी नवीन आलेली थैली छपरात फळीवर रिकामी केली. “यातली चांगली वाटतील ती तुम्ही काढून घ्या,” ते म्हणाले. “माझी हरकत नाही, चोरून नको. पण भांड्याचं तांबं पुन्हा नको. पोटात जायचं ते वडिलांनी सांगितलंय तेच जाईल. चांगली थोडीच ठेवता येतील, रोगी थांबलेत. आणि उरलेली ठोकायची ती तुम्हीच ठोका. या गड्याला त्यातलं कळत नाही. तुम्हाला ओळख आहे. चुकून चांगलं नाणं जायला नको.”

त्यांनी हे अगदी प्रेमाने सांगितलं, आणि पुढे दवाखान्यात रोगी बघायला गेले. मला हायसं वाटलं. मी यांच्या पाठीवर थाप मारली, “सुटलात की हो!”

ते फळीवरच्या नाण्यांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती पोलिसाच्या, पोस्टमनच्या, बुवांच्या भीतीपेक्षा वेगळी होती. आजवर ते वाचवणारे होते. मारणारे हात दुसऱ्याचे होते, आणि त्या वेळी विहिरीवर जाऊन उभं राहता येत होतं.

त्यांनी निवडायला सुरुवात केली. एक उचललं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, तेही बाजूला ठेवलं. तिसरं परत ढिगात टाकलं, परत उचललं. दवाखान्यातून कुणाचं तरी कण्हणं ऐकू येत होतं. त्यांनी बाजूला ठेवलेल्यांतली दोन पुन्हा ढिगात टाकली. “याचं काय चुकलं सांगा,” एक नाणं माझ्यापुढे धरून ते म्हणाले. “अक्षरं थोडी झिजलीत, एवढंच ना? माझीही झिजलीत.”

शेवटी गड्याने हातोडा त्यांच्या हातात दिला आणि एक नाणं ऐरणीवर ठेवलं. “जोरान मारा, दादा,” तो म्हणाला. “हलू मारला तं परत मारायला लागल.”

त्यांनी डोळे घट्ट मिटले. उजवा हात वर गेला, पण डावा अजून ऐरणीवरच होता. त्याचा अंगठा नाण्यावरून फिरत होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि त्यांचे ओठ हलत होते. “श्री,” ते पुटपुटले. अंगठा पुढे सरकला. “राजा…”

मग त्यांनी डावा हात काढून घेतला.