बॉनेटखालची गोधडी

ही हकिकत सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. मुलगी कॅल्गरीहून आली की एखाद्या वेळी विचारायची, "बाबा, दॅट कार, नक्की कशामुळे पेटली?" मी म्हणायचो, गाडीच्या कंपनीलाच कळलं नाही, मला काय कळणार. आता हात थरथरतो, पण अजून लिहिता येतं, म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही कॅनडात एडमंटनला होतो. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर उभी असायची. थंडी उणे तिशीच्या खाली गेली की इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर गाडीचा हीटर विजेला जोडून ठेवावा लागतो. आमचा तो हीटर कधी चालायचा, कधी नाही. वॉरंटी संपली होती आणि गॅरेजवाल्याला हजार प्रश्न विचारून शेवटी घरीच काहीतरी करायची माझी जुनी खोड. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, संध्याकाळी आल्या आल्या गरम इंजिनावर जाड पांघरूण टाक, ऊब टिकते. बेसमेंटमधल्या ट्रंकेत सासूबाईंनी शिवलेल्या दोन गोधड्या होत्या, त्यांच्याच जुन्या लुगड्यांच्या. त्यातली एक मी काढली. बायकोला सांगितलं नाही. आईची गोधडी इंजिनावर टाकू दिली नसती तिने. रोज संध्याकाळी टाकायचो, सकाळी तिच्या आधी बाहेर जाऊन काढायचो आणि शेडमध्ये ठेवायचो. महिनाभर ठीक चाललं. स्वतःवर खूशही होतो.

मग मला फ्लू झाला. त्या सकाळी तापात पडून होतो. ती कोट घालून दारात आली आणि म्हणाली, "मी गाडी नेते. आज लायब्ररी मला उघडायचीय." मी म्हणालो, हीटरची वायर आठवणीने काढ. वायरचं आठवलं मला. गोधडीचं नाही.

तासाभराने फोन आला. ती दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलत होती, आवाज अगदी शांत होता. म्हणाली, "अहो, घाबरू नका. मी बाहेर आहे. गाडी जळतेय." तेवढ्यात मला गोधडी आठवली. फोन ठेवल्यावर दाराजवळ उभं राहून मी शेडकडे पाहिलं. चालत जाऊन दार उघडायचं धैर्य झालं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं. गोधडी नव्हती.

मी गप्प बसलो असतो तर विमा कंपनीने प्रकरण मिटवलं असतं. पण त्याच सुमारास पेपरात आलं की आमची गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या काही गाड्या उभ्या उभ्या पेटल्या होत्या, कुठल्याशा स्विचमुळे. बायकोने ते कात्रण टेबलावर ठेवलं. म्हणाली, कंपनीकडे भरपाई मागा, पैशांसाठी नाही, पण दुसऱ्या कुणाच्या गाडीत लहान मूल असलं तर? तिला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी अर्ज केला. फॉर्मवर एक प्रश्न होता, इंजिनजवळ बाहेरची काही वस्तू ठेवली होती का. मी 'नाही'वर खूण केली. खाली दोघांच्या सह्या. तिने न वाचताच केली.

त्यानंतरचा हिवाळा मी टपालाच्या भीतीत काढला. त्या कंपनीचं पाकीट दिसलं की तिच्या आधी उघडून पाहायचो. फोन वाजला की मीच धावायचो. कोर्ट, पेन्शन, सगळं डोक्यात यायचं, पण खरी भीती एवढीच, की हे तिला कळेल.

एक दिवस कंपनीचा तपासनीस घरी आला. सभ्य माणूस होता, बूट दारातच काढले त्याने. त्याने तिला विचारलं, धूर दिसायच्या आधी काही जाणवलं का. ती म्हणाली, दोन सिग्नल आधी वास आला होता. थांबायला हवं होतं, पण लायब्ररीची किल्ली तिच्याकडे होती, लोक थंडीत बाहेर उभे राहिले असते. कसला वास, त्याने विचारलं. ती थोडा विचार करून म्हणाली, कापड जळल्यासारखा.

मी मध्येच मराठीत म्हणालो, "अगं, वायरचा असेल. प्लास्टिकचा."

तिने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं इंजिनिअर नवऱ्यावर तिचा विश्वास. मग त्याच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, हो, वायरचाच असेल.

त्याने लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. आगीचं कारण निश्चित करता आलं नाही, मात्र सदिच्छा म्हणून कंपनी काही रक्कम देत आहे. खाली एक ओळ होती, वास येऊनही चालकाने गाडी पुढे नेली याची नोंद घेण्यात आली आहे. मी पत्र मोठ्याने वाचत होतो. ती ओळ गाळता आली असती. गाळली नाही. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे. झालं ते झालं. मी कुठे तुला बोलतोय?"

ही खरी चूक. गोधडी विसरलो ते माणसाच्या हातून होतं. मी तिला माफ केलं.

ती परत कधी स्टिअरिंगला बसली नाही. नवीन गाडी आली, मी किल्ली पुढे केली, तिने हात मागे घेतला. उणे तीसमध्ये बसस्टॉपवर उभी राहायची, चेहऱ्यावर मफलर, फक्त डोळे दिसायचे. मी सोडतो म्हटलं तर म्हणायची, तुम्हाला उशीर होईल. खिडकीतून ती दिसायची, आणि बस येईपर्यंत मला तिथून हलता यायचं नाही. एका उन्हाळ्यात ट्रंक आवरताना तिला एकच गोधडी सापडली. बराच वेळ शोधून म्हणाली, मीच जुन्या कपड्यांत देऊन टाकली असणार, माझं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. मी पेपरचं पान उलटलं.

शेवटी ती हॉस्पिटलमध्ये होती. दुपारची वेळ होती, मुलगी खाली कॉफी आणायला गेली होती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. म्हणालो, "अगं, त्या गाडीबद्दल मला तुला सांगायचंय."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "अजून तेच धरून बसलात? तेव्हा माफ केलंत ना मला?"

मी 'हो' म्हणालो.

तिला बरं वाटलेलं दिसलं. त्यानंतर तीन दिवस मिळाले मला. कुणी ना कुणी खोलीत असायचं, नर्स, डॉक्टर, मुलगी, असं मी स्वतःला सांगतो. पण मधे मधे आम्ही दोघंच होतो. मी चमच्याने पाणी पाजत राहिलो. तुझी काही चूक नव्हती, ती गोधडी मी टाकली होती, मला माफ कर, हे तेवढं ओठांवर यायचं, आणि मी विचारायचो, "अजून एक चमचा देऊ?"