भूक मारायचं औषध

महामायाताई इंगळे आमच्या शाळेत गणित शिकवतात. शाळा बुलढाण्यात, घर देऊळघाटला, रोजची ये-जा स्कूटीवर. दीड वर्षापूर्वी त्यांचं वजन पंच्याण्णव किलो होतं. दहा वर्षांची शुगर, वर बीपी. दुसऱ्या मजल्यावर तास असला की त्या जिन्याच्या वळणावर थांबायच्या आणि दम लागलेला दिसू नये म्हणून वर जाणाऱ्या पोरांना उगाच पाढे विचारायच्या.

घरी त्या आणि त्यांची आई चांगुणाबाई, दोघीच. ताईंनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ रवी नाशिकला कारखान्यात आहे. चांगुणाबाई अठ्ठ्याहत्तरच्या, पण स्वयंपाक त्यांच्याच हातात. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर जात. कडेवर पहिला मुलगा, सात महिन्यांचा. अंगावरचं दूध आटलं आणि त्याच उन्हाळ्यात तो गेला. दोन वर्षांनी महामाया झाली. तेव्हापासून पोरीचं पोट भरल्याशिवाय या बाईनं कधी ताटाला हात लावला नाही. पोरगी नोकरीला लागली, पन्नाशीला आली, तरी तेच. रोज संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसत. लेक हात धुवायला उठली की आई आपलं ताट ओढायची. विहारातल्या बाया म्हणायच्या, तुमच्या लेकीचं अंग चांगलं भरलं. ते ऐकायला चांगुणाबाईंना फार आवडे.

त्या वर्षी शुगर गोळ्यांना जुमानेनाशी झाली. बुलढाण्यातल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं नवं इंजेक्शन लिहून दिलं. शुगर उतरेल, भूक कमी होईल, वजनही उतरेल, पण मळमळ होईल आणि पोट जड राहील, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. ताईंनी रविवार ठरवला.

पहिल्या महिन्यातच त्यांचं खाण्याकडचं लक्ष उडालं. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो आणि त्या वह्या तपासत बसायच्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "दिवसभर डोक्यात कुणीतरी बोलत असायचं, आता काय खायचं, आता काय खायचं. ते एकदम गप्प झालं बघ." सहा महिन्यांत एकवीस किलो उतरले. जिना त्या न थांबता चढू लागल्या. स्टाफरूममध्ये रोज त्यांचं कौतुक. नवीन लागलेली भार्गवी, जिचं वजन साठसुद्धा नव्हतं, तिनं इंजेक्शनचं नाव लिहून घेतलं. मीही घेतलं, खोटं कशाला बोलू.

देऊळघाटला मात्र वेगळंच चाललं होतं. तिथे अंग उतरलं म्हणजे आजार. चेहरा बसला, गळ्याची कातडी लोंबली, ब्लाउज खांद्यावरून घसरू लागले. शेजारच्या सोजराबाईंनी एक दिवस चांगुणाबाईंना बाजूला घेऊन विचारलं की मास्तरीणबाईंना गाठ-बिठ तर नाही ना निघाली.

त्या संध्याकाळी चांगुणाबाईंनी लेकीला समोर बसवलं.

"मले खोटं नको सांगू, माया. तुले काय झालं?"

"काही नाही झालं, माय. औषध चालू हाय. त्यानं भूक कमी लागते."

"भूक मारायचं औषध?" चांगुणाबाईंनी विचारलं. "अन् ते तू इकत आणून राह्यली?"

ताईंनी शुगरचं, किडनीचं, डोळ्यांचं सगळं समजावलं. आईनं मान हलवली. पण पटलं नव्हतं, हे ताईंना तेव्हाच कळलं होतं. आजार मोठा आहे आणि लेक आपल्यापासून लपवते आहे, एवढंच त्या माउलीनं मनात धरलं.

पुढचं जे घडलं ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. ताईंना फोडणीचा वास सहन होईना. जिरं तडतडलं की त्या पदरानं नाक दाबून उठायच्या. म्हणून त्या आपलं ताट बाहेरच्या खोलीत नेऊ लागल्या. अर्धी भाकर, दोन घास वरण, तेवढ्यावर भागायचं. उरलेलं झाकून ठेवायचं. आई आत, लेक बाहेर. आई जेवली का, हे त्या रोज विचारत. आतून "हाव" यायचं.

डिसेंबरात चांगुणाबाई न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नव्हतं. ताईंनी त्यांना आपल्याच डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर बत्तीस किलो भरले. रक्त निम्म्यावर आलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आजी जेवत नाहीत का? ताई म्हणाल्या, जेवते ना.

घरी आल्यावर त्यांनी भाकरीची टोपली उघडली. एकच भाकर होती. पूर्वी आई पाच थापायची. किती दिवसांपासून एकच थापत होती, कोण जाणे. अर्धी लेकीची. उरलेल्या अर्धीतलाही तुकडा सकाळी गाईला जायचा, हे सोजराबाईंनी सांगितलं.

"माय, तू काऊन नाही जेवत?"

"तू जेवल्याबिगर मी कधी जेवली?"

आवाजात राग नव्हता. ताई सांगतात, आई रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ताई पुन्हा स्वयंपाकघरात आईसमोर बसल्या. नाकानं श्वास न घेता दोन भाकरी संपवल्या. आईनंही एक खाल्ली. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी ताई कशाबशा न्हाणीपर्यंत पोचल्या आणि सगळं उलटलं. नळ सोडला होता, तरी आईला ऐकू गेलं. बाहेर आल्या तेव्हा चांगुणाबाईंनी आपलं ताट न जेवताच दूर सरकवून ठेवलं होतं.

ताईंनी डॉक्टरांना न विचारता इंजेक्शन बंद केलं. पण त्याचा अंमल अंगातून उतरायला आठवडे जातात. तेवढ्यात थंडीनं चांगुणाबाईंच्या छातीत कफ धरला. दवाखान्यात सलाईन लागली, नाकातून नळी घालून भरवायचंही बोलणं झालं, पण अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

रवी नाशिकहून आला. आईचा हात त्यानं हातात घेतला आणि मनगट पाहून बहिणीकडे वळला. "एवढी वाळली माय, अन् एका घरात राहून तुले दिसलं नाही?" आम्ही शाळेतले तिथेच उभे होतो. सगळं वर्ष आम्ही ताईंचंच अंग बघत होतो. चांगुणाबाईंकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

मातीहून आल्यावर सोजराबाईंनी वरण-भाकर आणली. ताईंनी घास तोंडात घेतला, तो खाली उतरेना. सोजराबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, दुःखानं असंच होते बाई, राहू दे. ताईंनी ताट बाजूला ठेवलं. नंतर त्या मला म्हणाल्या, "दुःखानं की औषधानं, मला अजून माहीत नाही. आईसाठी उपाशी राहिले असं म्हणायलाही तोंड नाही मला."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दोन महिन्यांत भूक परत आली. त्याबरोबर शुगरही, तीनशेच्या वर. पायाला झालेली जखम भरेना. डॉक्टर रागावले आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. औषध वाईट नाही, असं ताई स्वतःच सांगतात. पाय वाचला तो त्यामुळेच. भार्गवीनं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी तिला डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि विषय बंद केला. मी माझ्याकडची चिठ्ठी फाडून टाकली.

रवीचा फोन येत नाही. ताईंनी मोबाइलवर दोन गजर लावले आहेत, सकाळी अकराचा आणि संध्याकाळी सातचा. गजर वाजला की डॉक्टरांनी सांगितलं आहे तेवढं त्या मोजून खातात, मग ताट घासून पालथं घालतात.