गाळमास्तरांचा चौथा वाटा

मास्तर समुद्राचा चिखल दाताला लावून बघायचे. ही काही म्हणायची पद्धत नाही, खरोखर बघायचे. तळातून काढलेला गाळ आधी अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, मग तांदळाच्या कणीएवढा पुढच्या दातांवर घासायचा. कचकच झाली तर तो रेतीच्या घराण्यातला बारीक कण, साबणासारखा सरकला तर चिकणमाती. मग चूळ भरून, मिशी पुसून ते अंदाज सांगायचे आणि नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा थापा मारतोय. तीन दिवस चाळून, निथळून, सुकवून, तोलून आमचा आकडा हाती यायचा तेव्हा तो मास्तरांच्या दातापासून फारसा लांब नसायचा.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात, दुसऱ्या मजल्यावर आमची खासगी प्रयोगशाळा. धक्के आणि पूल बांधणाऱ्या कंपन्या समुद्राच्या, खाड्यांच्या तळाचा गाळ बरण्यांतून पाठवायच्या आणि त्यात काय काय विष आहे ते आम्ही मोजून द्यायचो. मी एम.एस्सी. होऊन दादरहून तिथे लागले तेव्हा मास्तरांना वीसेक वर्षं झाली होती. हुद्दा लॅब असिस्टंट, तोही दर वर्षी नव्याने सही होणाऱ्या कंत्राटावर. पण येणाऱ्या प्रत्येक डिग्रीवाल्याला काम तेच शिकवत, म्हणून ते गाळमास्तर. राहायचे डिलाईल रोडच्या चाळीत, मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील याच गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत असत. एकदा त्यांनी मला खिडकीजवळची जागा दाखवून वडिलांचे साचे कुठे होते ते सांगितलं होतं. तिथे आता आमचं प्लास्टिकच्या ट्रेंचं कपाट होतं.

मास्तरांच्या कानावर कायम पेन्सिल असायची. प्रत्येक बरणीत आत एक चिठ्ठी आणि बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीने. पहिल्याच दिवशी मी जेलपेनने झकास अक्षरात दहा चिठ्ठ्या लिहिल्या. मास्तरांनी त्यातली एक खारट पाण्यात टाकली आणि चहा पिऊन आलो तेव्हा चिठ्ठीवर नुसता निळा डाग होता. "बाय, समुद्रात शाई टिकत नाय, शिसं टिकतं," एवढंच बोलले आणि स्वतःच्या कानावरची पेन्सिल मला दिली. स्टीलचा चमचा गाळात घातला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. चमच्याचंच क्रोमियम मोजायचं असेल तर इतक्या लांबून बरण्या कशाला आणल्या, असं ते विचारायचे.

गाळाला घाई चालत नाही हे त्यांचं पालुपद होतं. आधी गाळातलं मीठ धुवून काढायचं, कारण मीठ राहिलं तर कण एकमेकांना चिकटून घोळका करतात आणि भराभर खाली बसतात. मग लिटरभराच्या उंच काचेच्या नळकांड्यात गाळ ढवळून तो संथपणे बसू द्यायचा आणि ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या खोलीवरून थोडं पाणी ओढून घ्यायचं. बारीक चिकणमातीसाठी तासन्‌तास थांबावं लागे. एकदा आमचे मालक, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत, काही पाहुण्यांना लॅब दाखवत होते. बोलण्याच्या भरात त्यांनी एका नळकांड्यावर टिचकी मारली. मास्तर उठले, नळकांडं उचललं, पाहुण्यांच्या देखत सगळं पुन्हा ढवळलं आणि घड्याळ शून्यावर आणून बसले. मला हसू आवरेना. डॉक्टरांना मात्र ते आवडलं नव्हतं, आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली होती.

पण मास्तरांची खरी खूण म्हणजे चौथा वाटा. नमुना एकजीव करून त्याचा ढीग घालायचा, प्लास्टिकच्या पट्टीने फुली मारून चार वाटे करायचे. एक चाळणीला, एक सेंद्रिय भाग जाळून बघायला, एक धातूंना. चौथ्याला त्यांनी कधीच कोणाला हात लावू दिला नाही. तो डबीत भरून, चिठ्ठी घालून शीतपेटीत जायचा. नियमात राखीव नमुना ठेवायला सांगितलेलंच असतं, पण मास्तर त्याला राखणदाराचा वाटा म्हणत. गावाकडे वेशीवरच्या राखणदाराला वर्षाला त्याचा वाटा काढून ठेवतात, तसा. चुकलंमाकलं तर तोच सांभाळून घेतो, असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. आम्ही डिग्रीवाले त्यावर यथेच्छ विनोद करायचो. शीतपेटी भरली की मास्तरांचे देव भरले म्हणायचो.

मग एका खाडीच्या बरण्या आल्या. कोणा कंपनीला तिथे धक्का बांधायचा होता आणि तळ उपसून निघालेला गाळ खाडीच्या तोंडाशीच टाकायचा होता. गाळ स्वच्छ निघाला तरच परवानगी. त्या तोंडाशी ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचतात आणि त्या तिसऱ्या लालबाग-परळच्या बाजारात येतात. मास्तरांच्या घरी आठवड्यातून एकदा त्यांचं सुकं व्हायचं. मास्तरांनी पहिली बरणी उघडली, वास घेतला, गाळ चिमटीत धरून तोंडाजवळ नेला आणि हात खाली आणला. "ह्यो दाताक लावूचो नाय, बाय," ते म्हणाले. त्यांनी चिखलाला नकार दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी चार वाटे केले, चौथा शीतपेटीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी आठवडाभरासाठी गावी गेले.

धातूंचा वाटा माझ्याकडे होता. आता हे नीट सांगायला हवं. गाळ सुकवायला आमच्याकडे दोन ओव्हन होते, मोठा एकशे पाच अंशांवर आणि छोटा चाळीसवर. पारा मोजायचा असेल तर चाळीसच्या वर जायचं नाही. गरम झाला की पारा उडून जातो आणि मशीन बिचारं जे उरलं तेवढंच सांगतं. एम.एस्सी.ला या प्रश्नाचे मला पूर्ण मार्क मिळाले होते. त्या शुक्रवारी छोटा ओव्हन भरलेला होता, संध्याकाळी मावसबहिणीचं केळवण होतं, आणि मी सगळे ट्रे मोठ्यात सरकवून दिले. रजिस्टरमध्ये पेन्सिलीने प्रामाणिकपणे लिहिलंसुद्धा, एकशे पाच. सोमवारी दळलं, मंगळवारी मोजलं. पारा जवळजवळ नाहीच. डॉक्टर खूश झाले, रिपोर्ट त्याच दिवशी गेला आणि मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली.

मास्तर गुरुवारी आले. आकडा बघितला, रजिस्टर बघितलं आणि मला खिडकीजवळ बोलावलं. ओरडले नाहीत. "पारा ओव्हनच्या नळीतून लोअर परळात गेला गो," म्हणाले. मग म्हणाले, घाबरू नकोस, चौथा वाटा आहे, पंख्याखाली सुकवू, दोन दिवसांचं काम आहे. तू फक्त डॉक्टरांना जाऊन सांग. मी येऊ का बरोबर, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

मी गेले आणि सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. रिपोर्ट गेला आहे, समोरची मंडळी समाधानी आहेत, एका ओव्हनपायी लॅबचं नाव घालवायचं का, असं ते म्हणाले. नाव म्हणजे माझंही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. उठताना म्हणाले, "रजिस्टर तेवढं नीट करून ठेवा." मी बाहेर आले, खोडरबर घेतलं आणि एकशे पाचच्या जागी चाळीस लिहिलं. समुद्रात टिकणारं शिसं खोडरबरापुढे दोन सेकंद टिकलं नाही. मास्तरांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. ते खूश झाले. माझ्यासाठी कटिंग चहा मागवला.

चार दिवस काही हललं नाही तेव्हा मास्तरांनी कोणाला न विचारता चौथ्या वाट्यातला अर्धा काढला. कागदावर पातळ पसरला, पंख्याखाली ठेवला, अगेटच्या कठीण दगडी खलात हाताने दळला, मशीनवर लावला. आकडा आला तो माझ्या आकड्याच्या कितीतरी पट होता. तो कागद घेऊन ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि मला बोलावणं आलं.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. चाळीस. मास्तर त्या ओळीकडे बघत राहिले. कागद तिथे जरा झिजला होता, आणि माझं अक्षर त्यांनीच तर घडवलं होतं. वर बघून ते माझं नाव घेतील असं मला वाटलं. त्यांनी घेतलं नाही. चौथा वाटा बाहेर कुठे पाठवून तपासा, एवढंच ते म्हणत राहिले.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "हे मास्तर नमुने तोंडात घालतात, बरोबर?"

मी म्हणाले, "हो."

त्या सबंध प्रकरणात मी उच्चारलेला हा एकच शब्द सोळा आणे खरा होता. जो माणूस हाताने चिखल चिवडतो आणि तोंडात घालतो त्याच्या आकड्याला कोण विचारतो, असं म्हणून डॉक्टरांनी तो कागद फाडला. मास्तरांचा दात, ज्याच्यावर आम्ही सगळे गाळ ओळखायला शिकलो, तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला. हा गाळ त्यांनी दाताला लावला नव्हता, हे मला माहीत होतं. मला ते कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्यांचं कंत्राट पुढच्या वर्षाला सही झालं नाही. निरोप समारंभ वगैरे काही नव्हता. त्यांनी चाळण्या उन्हात वाळवून, मापाप्रमाणे रचून ठेवल्या, जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि माझ्या टेबलापाशी आले. मी मान वर केली नाही. "चूक दोन दिसांची होती गो, बाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. आठवड्याने जागा अडते म्हणून शीतपेटी साफ करण्यात आली. वीस वर्षांचे चौथे वाटे काळ्या पिशव्यांतून खाली गेले. धक्का झाला. गाळ खाडीच्या तोंडाशी पडला.

डिलाईल रोड आमच्या लॅबपासून चालत दहा मिनिटांवर. सहा वर्षांत मी एकदाही गेले नाही. गेले ती मास्तर गेल्याचं कळल्यावर, तीही दिवसकार्य आटोपल्यावर, म्हणजे गर्दीत कोणी ओळखायला नको. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, चहा केला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला. पेन्सिलीने सुंदर लिहिते ती हीच ना, असं त्यांनी विचारलं. मास्तर माझ्याबद्दल घरी एवढंच बोलले होते. लॅब सोडल्यापासून घरात तिसऱ्या येऊ दिल्या नाहीत त्यांनी, का ते सांगितलं नाही, अशी काकूंची तक्रार होती. मी चहाच्या कपात बघत बसले. मग त्या उठल्या आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यातून, बर्फाच्या ट्रेमागून, तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक डबी घेऊन आल्या.

"ह्येंनी कोणाक हात लावूक दिल्यानी नाय," काकू म्हणाल्या. "तुमच्या कामाची आसात. तुमका होयी तर घेवन जावा."

चौथ्या वाट्यातला उरलेला अर्धा. आत चिठ्ठी होती. खाडीचं नाव, बरणीचा नंबर, तारीख, आणि खाली एक ओळ: पंख्याखाली सुकवणे. सहा वर्षं बर्फात राहून एक अक्षर पुसलं नव्हतं.

आज मी त्याच लॅबची व्यवस्थापक आहे. डॉक्टर निवृत्त झाले. ओव्हनची नोंद आता कॉम्प्युटर ठेवतो, ती खोडता येत नाही. नव्या मुलांना मी मीठ धुवायला शिकवते, प्लास्टिकचा चमचा वापरायला शिकवते, आणि मास्तरांचं नाव न घेता मास्तरांची वाक्यं वापरते. गाळ दाताला लावायला मात्र शिकवत नाही, ते नियमात बसत नाही. त्या खाडीचा गाळ दर वर्षी तपासायला येतो आणि प्रत्येक रिपोर्टात माझा जुना आकडा मूळ पातळी म्हणून छापला जातो. त्या आकड्याशी ताडून यंदा पारा वाढलेला दिसला की दोष यंदाच्या कोणाचा तरी ठरतो, तेव्हा टाकलेल्या गाळाचा नाही. रिपोर्टाखाली सही माझी असते.

डबी माझ्याकडेच आहे, लॅबच्या शीतपेटीत, खालच्या कप्प्यात. ती आणून परवा आठ महिने झाले. कागद आहे, पंखा आहे, मशीन आहे, आणि आता मला अडवणारं कोणी नाही. दोन दिवसांचं काम आहे.